चिंचेपुढे सव्वाशे मीटर

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो काढायचा नाही म्हणे! अर्धी रजा टाकली, पांडेसऱ्याहून दोन रिक्षा बदलून सुरतेच्या कॉलेजात गेले, भूगोल विभागातल्या काकांनी कपाटातून नकाशा काढून टेबलावर पसरला, आणि मी पर्समधून फोन काढल्याबरोबर त्यांचा हात आडवा. "बेन, फोटो नहीं पाडवानो." झेरॉक्स? तीही नाही. मग करू काय, पाठ करू? "बेसीने जोवो." म्हणजे बसून बघा. चार वाजता कपाट बंद.

पण आहे. नकाशात आहे! १९७२ च्या पाहणीचा, घड्यांवर फाटलेला, कडेला चहाचा डाग. त्यात गोरटेक आहे — जुनं गोरटेक, पुरानंतर गाव हललं त्याच्या आधीचं. नाला, नाल्यावरचा पूल, पुलापासून निघालेली गाडीवाट, आणि वाटेच्या कडेला मोहरीएवढा निळा ठिपका. काकांना विचारलं, निळा ठिपका म्हणजे काय. कोपऱ्यातल्या खुणांवर बोट ठेवलं त्यांनी. बांधलेली विहीर.

आईला घरी येऊन सांगितलं. ती मेथी निवडत होती. "मंग," म्हणाली, "मी काय सांगत व्हते?" आणि परत मेथी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल घाईत लिहिलं. राग कशाचा आहे ते नीट लिहून ठेवते, म्हणजे निदान डोक्यातून उतरेल.

गोरटेक हे आईचं माहेर. तिथल्या शाळेला शंभर वर्षं होतायत. एप्रिलच्या शेवटी कार्यक्रम, आणि त्याची स्मरणिका निघतेय. संपादक वाल्मिक सर, त्याच शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांनी हौसेने मला मजकूर पाठवला, तुमच्या आईचं गाव आहे, वाचून बघा म्हणून. वाचला. पान सतरा. "खालच्या वस्तीतील बांधवांसाठी पाटील घराण्याने आपल्या मळ्यातील विहीर खुली करून दिली."

ते मी आईला वाचून दाखवलं ही माझी चूक. तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "खुली करून दिली?" एवढंच. त्या दिवशी जेवली नाही.

कारण ती विहीर कोणी दिलेली नाही. वस्तीने खणली. गावच्या विहिरीला आपल्या लोकांचा हात चालत नव्हता, वरून कोणी ओतलं तर घागर भरायची, नाही ओतलं तर बसायचं. धम्मदीक्षेच्या पुढच्या उन्हाळ्यात अकरा घरांनी मिळून स्वतःची खणली. आई तेव्हा दहा वर्षांची. तिने डोक्यावर माती वाहिलीय. कठड्याच्या एका दगडावर अकरा नावं कोरली होती, पहिलं तिच्या बापाचं. ती अकरा नावं ती अजून एका दमात म्हणते, भांडी घासताना, दळण निवडताना. लहानपणी मला वाटायचं ती कसली तरी कविता आहे.

वाल्मिक सरांना फोन केला. माणूस वाईट नाही. "ताई, गावात जे सांगतात ते लिहिलं. पुरावा आणा, मी मजकूर बदलतो. पंचवीस मार्चपर्यंत मात्र."

पुरावा! विहीर बुजवून चाळीस वर्षं झाली, वस्ती उठून सुरतेला आली, कोणी पांडेसऱ्यात, कोणी उधन्यात, आणि पुरावा आम्ही आणायचा. पाटलांनी विहीर दिली याचा पुरावा कोणी मागितला होता का? विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रदीप आला होता कडोदऱ्याहून. माझा धाकटा भाऊ, पण बोलतो असा की जणू माझा सासरा. आईच्या समोरच म्हणाला, "ताई, तू तिला खुळावू नकोस. परवा चहात मीठ घातलं तिनं. सत्तर वर्षांपूर्वीची विहीर काय आठवणार?" मी म्हटलं, मीठ माझ्याकडूनही पडलंय एकदा. तर म्हणे, "नाही सापडली तर तिला किती लागेल, विचार केलास?"

तो गेल्यावर आईने अकरा नावं म्हटली. मुद्दाम मोठ्याने.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. काका रजेवर. किल्ली काकांकडे. रिक्षातच परत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज बसू दिलं. फोटो नको ना, बरं! साड्यांच्या छपाई मिलमध्ये पंचवीस वर्षं ट्रेसिंग केलंय मी. साडीचा पालव, बुट्टा, किनार, शेठ जे पुढ्यात टाकेल ते फिल्मवर उतरवून दिलंय. हा तर साधा नकाशा.

नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. इतक्या बारीक नकाशावरून काय मोजणार? म्हणून चौपट मोठा काढायचा ठरवलं. नकाशावर एक-एक सेंटीमीटरच्या चौकटींचा पारदर्शक कागद ठेवायचा, आणि मोठ्या फिल्मवर चार-चारच्या चौकटी. या चौकटीतली रेघ त्या चौकटीत. फिल्म नवीन आखत बसले नाही. मिलच्या माळ्यावर माझी जुनी चौकटींची फिल्म पडली होती, माझ्याच हाताने आखलेली, काळ्या शाईत, एक रेघ हललेली नाही. शीतलला दाखवली. शीतल म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करणारी पोरगी, कानात सदा काहीतरी खुपसलेलं. म्हणे, "दीदी, ये तो म्युझियम में रखो." तिच्या त्या डबड्याने माझं टेबल गेलं. आता मी छपाईच्या स्क्रीनची, म्हणजे जाळीची, बारीक भोकं रंगाने बुजवत बसते, आणि ही मला म्युझियम शिकवते.

दोन तासांत पुलापासून पहिलं वळण झालं. डोळे चुरचुरतायत. पण हात विसरलेला नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. कॉलेज बंद. हे मला कोणी सांगायचं?

४ मार्च, मंगळवार

झाला! पूल, गाडीवाट, नाला, ठिपका. काका खुर्चीतून उठून बघायला आले. "बेन, तमे तो कलाकार." आता कळलं होय.

घरी येऊन फिल्म फरशीवर पसरली. वाट वाकडीतिकडी, म्हणून पुलापासून ठिपक्यापर्यंत वाटेवर दोरा ठेवत गेले, मग दोरा पट्टीवर ताणला. तेहतीस सेंटीमीटर. चौपट नकाशात आठ सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. म्हणजे सव्वाचार — नाही, चार किलोमीटर आणि वर सव्वाशे मीटर. तीनदा मोजलं.

हे अंतर का लागतं तेही लिहून ठेवते, प्रदीपला दहा वेळा सांगून झालं. वस्ती गायरानात होती. गायरान संपलं की बांध, बांधापलीकडे पाटलांचा मळा. नकाशात बांध दाखवलेला नाही. गाव हललं, नाला सरळ केला, घरं गेली. जुनं असं फक्त पूल आणि वाट राहिलेत. वाट आता डांबरी झाली एवढंच. तेव्हा पुलापासून मोजत जायचं. ठिपका बांधाच्या अलीकडे पडला तर विहीर आपली. पलीकडे पडला तर —

पलीकडे कशाला पडेल.

आई म्हणते चिंचेपाशी होती. सरांना विचारलं. म्हणाले, "ताई, त्या वाटेवर चिंचा तीन आहेत."

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गल्लीत पोरांनी पाण्याच्या टाकीत रंग कालवला. दोन बादल्या पिण्याचं पाणी गेलं. आई दारात उभी राहून इतकी ओरडली की समोरच्या मालतीबाई धावत आल्या. पाणी वाया गेलेलं तिला चालतच नाही. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कोरफडीला.

परवा गोरटेक. मी, आई, आणि फिल्मची गुंडाळी. प्रदीपला वेळ नाही.

१७ मार्च, सोमवार

लिहायचं मन नव्हतं. पण लिहिते.

काल सकाळच्या गाडीने निघालो, नरडाण्याला उतरलो, तिथून रिक्षा. आई गाडीत खिडकीशी बसून एकटीच हसत होती. नवं लुगडं. डब्यात भाकरी, ठेचा. मला वाटलं किती वर्षांनी हिला अशी बघतेय.

पुलावर रिक्षा थांबवली. वाल्मिक सर आलेलेच होते, मोटारसायकलवर. त्यांच्याबरोबर पाटलांच्या घरातले भटूअण्णा, बांधापलीकडचा मळा आता त्यांच्याकडे. पांढरा शर्ट, हात जोडून नमस्कार, "ताई, आपलंच गाव समजा." आणखी चार-पाच जण, रविवार होता म्हणून आलेले. शहरातल्या बाईचा सरकारी नकाशा बघायला!

फोनवर अंतर लावलं आणि रिक्षा हळू घ्यायला सांगितली. फोनवर बरोबर चार किलोमीटर झाले आणि आईने रिक्षावाल्याच्या पाठीवर चापट मारली. "थांब."

कडेला चिंच. मोठी, अर्धी वाळलेली. आई उतरली, कोणाचा हात न धरता, चिंचेखाली गेली आणि बसली. "आठेच व्हती," म्हणाली. इथेच होती.

मी म्हटलं, आई, अजून सव्वाशे मीटर आहे. म्हणाली, "आठेच." बांध समोरच दिसत होता. आम्ही बांधाच्या अलीकडे. सव्वाशे मीटर पुढे म्हणजे बांध ओलांडून.

मी तिला उठवायला गेले तर ती पिशवीतली पाण्याची बाटली काढून जमिनीवर ओतत होती. जरा इकडे ओतलं, वाकून बघितलं. दोन पावलं सरकली, तिथे ओतलं. लिटरभर पाणी, सगळं! मार्चचं ऊन, प्यायला दुसरं काही नाही. धुळवडीला दोन बादल्यांसाठी गल्ली डोक्यावर घेणारी बाई. माझा तोल गेला. मी ओरडले. "आई, काय करतेस तू? डोकं ठिकाणावर आहे का?" सगळे बघत होते. ती बघत राहिली जमिनीकडे.

भटूअण्णा म्हणाले, "राहू द्या ताई, म्हातारं माणूस." त्यांचं ते समजूतदार बोलणं मला जास्त लागलं. म्हणून मी ताठ झाले. फिल्म उलगडली, दोघांना दोन टोकं धरायला लावली, सगळ्यांना समजावून सांगितलं — हा पूल, ही वाट, हे तेहतीस सेंटीमीटर, हे चार किलोमीटर आणि सव्वाशे. सरकारी नकाशा आहे, अंदाज नाही. आई मागून म्हणाली, "जागू, आठे —" आणि मी वळून म्हणाले, "आई, तुला नाही आठवत. गप्प बस जरा."

असं म्हणाले मी. त्या लोकांसमोर.

ती उठली, लुगडं झटकलं, आमच्या मागून चालत आली. बांध ओलांडला. सव्वाशे मीटर. हरभरा काढून मोकळं झालेलं रान, बरोबर मध्ये. विहिरीचा मागमूस नाही, पण बुजवल्यावर मागमूस राहतो कुठे. भटूअण्णा म्हणाले, "आमचे आजोबा सांगायचे, या पट्ट्यात कुठेतरी विहीर होती." मग फिल्मकडे बोट करून, "तुमचाच नकाशा सांगतोय, ताई." टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

भटूअण्णांच्या घरी चहा झाला. आईने कपाला हात लावला नाही. भाकरी तशीच परत आली.

२० मार्च, गुरुवार

आई बोलते, पण कामापुरतं. मीठ संपलं, गॅस आला, शेजारच्या योगिताच्या मुलीला ताप आहे. नावं म्हणत नाही. तीन दिवस झाले, भांडी घासताना नुसता भांड्यांचा आवाज.

प्रदीपला फोनवर सांगितलं. वाटलं होतं "सांगितलं होतं ना" म्हणेल. म्हणाला, "तू कशाला मनाला लावून घेतेस? तिला आता एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवू." हे त्याहून वाईट.

आज तिने स्वतः विचारलं, "माले डॉक्टरकडे कधी न्यायचं शे?" चेहऱ्यावर काही नाही. मी म्हटलं, कोणी सांगितलं तुला? तर म्हणे, "तुम्ही म्हणशाल तधी."

सत्तर वर्षं जे तोंडपाठ होतं ते मी दोन मिनिटांत खोटं ठरवलं. पण मी तरी काय करू? ठिपका आहे तिथे आहे. तो काही मी हाताने तिकडे नेऊन ठेवला नाही! आईची माया वेगळी, मोजमाप वेगळं. असं स्वतःला सांगते आणि परत चिडते. कोणावर, तेच कळत नाही.

२३ मार्च, रविवार

वाल्मिक सरांचा फोन. काय करायचं पान सतराचं? मुदत संपत आली. मी म्हटलं, ठिपका मळ्यात पडतो. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. असेल ते राहू द्या.

ते म्हणाले, "तुम्ही प्रामाणिक आहात, ताई. दुसऱ्या कोणी ओढूनताणून अलीकडे आणला असता."

फोन आईच्या देखत झाला. ती कोरफडीला पाणी घालत होती. घालतच राहिली.

८ एप्रिल, मंगळवार

स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर शाळेचा रंगीत फोटो. पान सतरा उघडलं. वाक्य तेच. खुली करून दिली. आणि त्याच्याखाली एक नवीन — "सुरतस्थित भगिनी श्रीमती जागृती यांनी जुन्या सरकारी नकाशावरून या विहिरीचे स्थान पाटील यांच्या मळ्यात असल्याची स्वतः खात्री करून घेतली आहे."

माझं नाव. माझं नाव घातलं त्यांनी!

सरांनी आदराने घातलं असणार, मला माहीत आहे. म्हणूनच काही बोलता येत नाही. अकरा नावांच्या दगडाच्या जागी आता एकच नाव छापलंय, माझं, आणि ते पाटलांच्या बाजूने. पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली घातलं. आईने विचारलं, काय आलं? म्हटलं, मिलचं काहीतरी.

१० एप्रिल, गुरुवार

क्रमाने लिहिते.

चौकटींची फिल्म मिलमध्ये परत नेली होती. ठिपका बघवत नव्हता घरात. शीतलला कुठलीशी जुनी साडी परत काढायची होती, माझ्या काळातली, म्हणून तिने माझी फिल्म टेबलावर पसरली, पट्टी लावली, आणि कानातलं काढून म्हणाली, "दीदी, ये चार का खाना नहीं है. चार पॉइंट बारा है."

मी म्हटलं, नीट बघ. माझी रेघ हलत नाही.

"रेघ सीधी है. बस बड़ी है. सब खाने बड़े हैं."

आणि मग मला आठवलं. आठवलं काय, हाताला माहीतच होतं, डोक्यालाच नव्हतं. वाफेवर कपडा आटतो. शंभराला तीन. पालव जर बरोब्बर मापाचा काढला तर साडीवर तो आखूड येतो, म्हणून आम्ही चौकटच शंभराला तीन वाढवून आखायचो. चारच्या जागी चार पॉइंट बारा. मोठ्या कारागिरांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. शीतलच्या कॉम्प्युटरमध्ये ते आपोआप होतं, मी ते बोटांनी केलं होतं, आणि विसरून गेले होते. साडीची फिल्म होती ती. मी तिच्यावर जमीन काढली. जमीन आटत नाही.

तिथेच हिशेब केला, एका छपाईच्या स्क्रीनच्या पाठीवर, खडूने. तेहतीस भागिले एक पॉइंट शून्य तीन. बत्तीस. बत्तीस सेंटीमीटर. आठाने भागलं. चार. चार किलोमीटर, वर काहीही नाही.

दोरा फिल्मवर ठेवला, तोच कॉलेजात नकाशावर ठेवला असता तर — नाही ठेवला. स्वतःच्या रेघेवर फार विश्वास.

फोनवर बरोबर चार झाले तेव्हा कोण म्हणालं होतं थांब? कोण उतरून चिंचेखाली बसलं होतं? बांधाच्या अलीकडे. गायरानात. ज्या जागेवर उभी राहून मी तिला म्हटलं तुला नाही आठवत, त्या जागेवर.

टॉयलेटमध्ये जाऊन रडले. शीतल दार वाजवत होती.

तिथूनच वाल्मिक सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाचशे प्रती बांधून आल्या, ताई. शुद्धिपत्र चिकटवता येईल. पण नुसता कागद चिकटवून गाव मानणार नाही. तुमच्याच तोंडून ऐकलंय सगळ्यांनी. सत्तावीसला कार्यक्रम आहे. तुम्ही येऊन माईकवर सांगा की तुमचं मोजणं चुकलं."

माईकवर. भटूअण्णा पुढच्या खुर्चीत, सगळं गाव समोर, आणि मी उभी राहून सांगायचं की पंचवीस वर्षांची कारागीर, साडीच्या मापाने गाव मोजून गेली. हसतील. का नाही हसणार. शुद्धिपत्रावर भागत असेल तर बघा ना, म्हटलं. विचार करून सांगते, म्हटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

आईला सगळं सांगितलं. स्मरणिका काढून पान सतराही दाखवलं. फिल्म, वाफ, शंभराला तीन. ती भाकरी थापत होती.

"माले माहीत व्हतं," म्हणाली. बाजूच्या जमिनीवर पाणी ओतलं तर ते वाहून गेलं. चिंचेखाली ओतलं तर घटकन आत गेलं, थेंब राहिला नाही. बुजवलेली विहीर अशीच पाणी पिते. तिच्या बापाने शिकवलेलं. म्हणजे मी ओरडले तेव्हा तिच्याकडे पुरावा होता.

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"त्या लोकेससमोर मी मनी पोरले खोटी पाडू का?"

वाल्मिक सरांना कळवलं. सत्तावीसला येतेय, माईक तयार ठेवा.